बांधाकडची पहिली ओळ

२ मे

मला बघायला गुंदहून माणसं आली होती तेव्हा सासूबाईंनी माझे हात उलटसुलट करून बघितले आणि आमच्या आईला म्हणाल्या, "पोरगी बुटकी हाय, पण हाताला चाल हाय." त्यानंतर मला कुणी फारसं नावाजलं नाही. त्या एका वाक्यावर बावीस वर्षं संसार केला.

आज ते आठवायचं कारण एवढंच की सकाळी मुठी मिटेनात. रात्री हातावर झोपले असणार. दोन्ही हातांवर एकदम कशी झोपले ते कळत नाही.

उद्यापर्यंत जाईल.

५ मे

गेलं नाही. पण कारण सापडलं. फ्रिजचं पाणी. आजपासून बंद.

६ मे

फ्रिज आमच्याकडे नाही, जाऊबाईंकडे आहे. तिच्या, म्हणजे अनुसयाक्काच्या घरी मी महिन्यातनं एखादा तांब्या पीत असेन. तरी बंदच. निश्चय तो निश्चय.

९ मे

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. कंपन्या हल्ली मशीननं झाकणं आवळतात, बाईमाणसाचा विचार कुणी करत नाही. यांनी एका हातानं उघडलं. मी आधी सैल करून ठेवलं होतं, असं सांगितलं.

बांगड्याही आवळतात. साबण लावून काढल्या, दोन फुटल्या. काच उन्हाळ्यात आकसत असावी.

१४ मे

धारवाडहून भाग्याचा फोन. पोटची पोर, पण बोलते तहसीलदारासारखी. "आई, कधीपासनं दुखतंय?" मी म्हटलं, आत्ता आत्ता. हे मागून मोठ्यानं म्हणाले, "शिमग्यापासनं!" यांना जीप चालवून, तिचा आवाज ऐकून ऐकून कमी ऐकू येतं म्हणतात, पण फोनवरचं सगळं येतं.

बेळगावच्या एका दवाखान्यात सांध्यांची स्पेशालिस्ट महिन्याच्या पहिल्या शनिवारी येते म्हणे. भाग्यानं मोबाईलवरनं जूनची अपॉइंटमेंट घेऊनसुद्धा टाकली. तोवर मी बरी होणार. उगीच एका गरजूची जागा अडली.

सोमवारपासून व्यायाम. रबरी चेंडू सकाळ-संध्याकाळ दाबायचा.

१९ मे

चेंडू कुत्र्यानं नेला. त्याची तब्येत चांगली आहे.

२१ मे

सकाळी ब्लाउजचे हुक लागेनात. नवीन शिंप्याची शिवण, दुसरं काय. बराच वेळ खोलीत नुसती उभी राहिले. हे चहाला हाक मारायला आले, बघितलं, मागं येऊन एकेक हुक लावून दिला. मग चहाही त्यांनीच केला.

गाईची धारही तेच काढतात हल्ली. गाईला त्यांचा लळा जास्त आहे.

२४ मे

बायजामावशी पैरा बांधायला आली. साठी उलटली तरी भातलावणीचा पैरा तीच बांधते, आणि आमच्या वाडीत तिचा शब्द फॉरेस्टच्या गार्डपेक्षा वरचा. यंदाही पाचजणी. ती, मी, अनुसयाक्का आणि खालच्या वाडीतल्या दोघी. आधी तिचं शेत, मग आमचं, मग अनुसयाक्काचं, मग त्या दोघींचं. हिशेब सरळ. जिनं तुझ्या चिखलात एक दिवस घातला, तिच्या चिखलात तू एक दिवस घालायचा. हाताला हात. मजूर मिळायची आशाच नको, सगळे गणेशगुडीला रिसॉर्टवर जातात. पैऱ्यात नाव नसलं तर शेत तसंच पडून राहतं.

"काय गे केशर, बांधाकडची पहिली ओळ तूच धरतीस नव्हं?"

मी म्हटलं, "न धरून कुठं जात्ये मावशी?"

पहिली ओळ सरळ गेली तर सगळं शेत सरळ जातं. गेली कित्येक वर्षं ती माझी आहे. चहाचा कप मी दोन्ही तळव्यांत धरून पीत होते. फार गरम आहे म्हटलं. बायजामावशी म्हणाली, "माझा तर गार झालाय." अनुसयाक्का नुसती माझ्या हातांकडं बघत होती. ती बघतच असते. तिला माझी ओळ पाहिजे आहे, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओळखून आहे.

लावणीला अजून महिना आहे. महिन्यात माणूस पोहायला शिकतो.

१ जून

आज लाल मुंग्यांची चटणी खाल्ली. सांध्यांना चांगली. झाडावर चढून मुंग्यांचं घरटं यांनी उतरवलं, त्यामुळे मी खाल्ल्या त्याहून जास्त मुंग्या त्यांना चावल्या. त्यांचे सांधे आता उत्तम आहेत. अंगणात नाचत होते.

७ जून, बेळगावहून परत

पास झाले!

यांना जीपवर ड्युटी, म्हणून अनुसयाक्का सोबत आली. निघायच्या आधी हात गरम पाण्यात बुडवून ठेवले, तेल चोळलं, दुखण्याची एक गोळी घेतली. परक्या बाईसमोर असे हात कसे न्यायचे? पाहुणे यायच्या आधी आपण अंगण झाडतोच. नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. दुपारी माझी बोटं जरा माणसात येतात.

डॉक्टरीण तरुण आहे, शांत. मूठ मिटायला सांगितली. अशी मिटली की मलाच नवल वाटलं. सकाळी किती वेळ आखडतात, म्हणून विचारलं. अनुसयाक्का शेजारीच कान देऊन बसलेली. तिच्या कानातनं सगळं बायजामावशीच्या कानात जाणार. मी म्हटलं, "चहा होईपर्यंत." यात खोटं काही नाही. चहा हल्ली दहाला होतो, ते तिनं विचारलं नाही.

बोटांचे सांधे एकेक दाबून बघितले तिनं. डोळ्यांत पाणी आलं, पंखा जोरात होता.

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. म्हणाली, आज सूज फार दिसत नाही, तुम्हीही काही सांगत नाही, पण मी रक्ताच्या तपासण्या लिहून देते. रिपोर्ट घेऊन पुढच्या महिन्यात या. औषध म्हणून दुखण्याच्याच गोळ्या.

बसमध्ये रामनगर येईपर्यंत अनुसयाक्का एक शब्द बोलली नाही. हरली बिचारी.

१२ जून

बेळगावच्या बसनं आंबले असणार. मनगटं, पावलं, सगळंच. पायाखाली कुणीतरी खडे पसरल्यासारखं वाटतं. दिवसभर झोप येते आणि झोपले की लागत नाही.

उद्यापासून पहाटे चालायला जायचं.

१३ जून

पाऊस.

१८ जून

पाऊस. नाहीतर गेले असते.

२३ जून

भाग्या रोज फोन करते. आज मी उचलला नाही. उचलायला वेळ लागला तोवर बंद झाला, असं लिहायला हवं. खरं तर दोन्ही.

पेन फार बारीक निघालं आहे. त्याला चिंधी गुंडाळली. आता बरं धरता येतं, पण अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं.

२८ जून

बायजामावशीच्या शेतात लावणी. पहिली ओळ मीच धरली! रोप चिखलात खोचायला अंगठा दाबावा लागतो. अंगठा दाबत नव्हता, म्हणून तळव्यानं ढकलत गेले. नवीन पद्धत. जरा हळू होते. बाकीच्या चौघी पुढं जाऊन बांधावर माझी वाट बघत थांबल्या. खालच्या वाडीतली एक म्हणाली, "केशरक्का, आज सावकाश गे?" मी म्हटलं, ओळ बघ, वेग काय बघतीस.

बायजामावशी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं.

२९ जून

शेतात विसरलेला रेनकोट आणायला गेले. माझ्या ओळीतली रोपं पाण्यावर तरंगत होती. बायजामावशीच्या शेतात पाणी फार आहे, कालच सांगायला हवं होतं.

अनुसयाक्का एकटी, पाठमोरी, माझ्या ओळीतलं एकेक रोप परत खोचत होती. मधे मधे गुडघ्यावर हात टेकून थांबत होती. मी हाक न मारता परत फिरले. माझी ओळ घ्यायचा सराव चालला आहे तिचा.

रेनकोट राहिला. भिजले.

१ जुलै

आमच्या शेतात लावणी. चौघी उजाडताच आल्या. मी लावायच्या रोपांचा तरवा उपटायला बसले. उपटला, पण जुड्या बांधता येईनात. जीपची सुट्टी काढून हे आले होते, त्यांनी बांधल्या. मग बायजामावशी म्हणाली, "केशर, तू पेजेचं बघ जा."

आमच्या शेतात पहिली ओळ अनुसयाक्कानं धरली.

मी पेज नेली, लोणचं, सुका बांगडा भाजून, दुपारी चहा. सगळ्यांनी वाढून घेतलं, नावाजलं. तेव्हा बांधावर उभी राहून मी शेत बघितलं. ओळी सरळ होत्या. अगदी माझ्यासारख्या नाही, पण सरळ होत्या.

जाताना बायजामावशी म्हणाली, "चौघींचा एकेक दिवस लागला गे तुला. माझा तू आधीच फेडलीस, पण ते..." पुढं बोलली नाही. ती रोपं कुणी परत लावली ते तिलाही माहीत आहे. मी म्हटलं, शनिवारी दवाखाना झाला की एकेकीचा फेडते.

यांनी तिला अंगणातच विचारलं, हिच्या बदली मी आलो तर? ती म्हणाली, "गड्यानं चिखल करायचा रे महाबळेश्वर. लावणीला वाकलास तर ओळ जीपच्या रस्त्यासारखी जाईल."

हे हसले. मीही.

५ जुलै, बेळगावहून परत

सरळ लिहिते, कारण वळवून लिहायला बोटं नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उघडला आणि विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, बरं आहे. तोंडातनं आपोआप निघतं ते. आमच्याकडं ताप असला तरी रस्त्यात कुणी विचारलं की बरंच असतं.

तेवढ्यात अनुसयाक्का खुर्चीवरनं उठून उभी राहिली. "डॉक्टरबाई, ही खोटं बोलत्या. गेल्या खेपेला पण बोलली. सकाळी हिला वेणी घालता येत न्हाई, हुक लावता येत न्हाईत, घास तोंडापर्यंत नेताना मान खाली घालत्या. दुपारपातूर अशीच. आमचा दीर चहा करतोय, गाय काढतोय. हिचं रोप चिखलात बसत न्हाई. हिला इचारू नका, मला इचारा!"

बाहेर बसलेली माणसं आत डोकावून बघायला लागली.

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं मला मूठ मिटायला सांगितली नाही, नुसता माझा हात आपल्या हातात धरून ठेवला. रक्तात आहे म्हणाली. आमवात, ऱ्हुमॅटॉइड. फ्रिजच्या पाण्यानं होत नाही. (मी विचारलं होतं.) आठवड्यातून एक दिवस घ्यायच्या गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं, आणि मधे मधे रक्त तपासायचं. आठवड्यातून एकदाच औषध म्हणजे आजार किरकोळच, असं माझ्या मनात आलं होतं. तिला ते दिसलं असावं. म्हणाली, गुण यायला दोन-तीन महिने लागतील. गेल्या महिन्यात सकाळचं खरं सांगितलं असतं तर तेव्हाच काहीतरी धरता आलं असतं.

दोन-तीन महिने. लावणी आहे या आठवड्यात.

बसमध्ये मी अनुसयाक्काला म्हटलं, आता पहिली ओळ तुझी, झालं ना मनासारखं? ती अशी फिरली माझ्याकडं! "ओळ घेऊन काय चुलीत घालू? माझे गुडघे गेलेत गे बाई दोन पावसाळे. तू पुढं असायचीस म्हणून तुझ्या पाठीमागं लपून लावत होते. आता बायजा मला पुढं काढणार. मी कुणाच्या मागं लपू?"

एवढं बोलून तिनं माझ्या बाजूची खिडकी ओढून बंद केली, कारण वारा माझ्या हातांवर येत होता.

८ जुलै

पहिल्या गोळ्या झाल्या. फरक नाही. जरा फरक आहे असं लिहिणार होते.

उद्या अनुसयाक्काच्या शेतात लावणी, परवापासून खालच्या वाडीत. मी तिन्ही घरांची देणेकरी, आणि माझ्याकडून एक जुडी बांधून होत नाही. काल भाग्याला फोनवर सगळं सांगितलं. ती तहसीलदारासारखी बोलली नाही. नुसतं "आई" म्हणाली.

थोड्या वेळानं बायजामावशीकडं जाणार आहे. ती काय म्हणणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. "पेजेला लावणीचा दिवस म्हणून कोण धरतंय गे? पेज जिचं शेत तिनंच द्यायची, हे तुला ठावं न्हाई?" आणि ते बरोबरच आहे. एकीला सूट दिली की पैरा सुटतो. मीही तिच्या जागी नाहीच म्हटलं असतं.

तरी विचारणार. वाटेत शब्द बदलतील म्हणून इथं लिहून ठेवते.

मावशी, तिन्ही शेतांवरची पेज आणि चहा मी करून आणते. हे उचलून आणतील, मी वाढीन. तेवढा माझा दिवस धर. आणि नसलाच धरायचा, तर धरू नको. पण पुढच्या वर्षीच्या पैऱ्यातनं माझं नाव काढू नको.