चाल : स्वतंत्र

इंदिरानगर, नाशिक

प्रिय मंगळू,

तुझ्या तेजलचा फोन येऊन महिना होत आला आणि मी आत्ता कुठे पत्राला बसलोय. राग मानू नकोस. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा फाडलं. फोनवर मला जमत नाही. मध्येच आवाज जातो, तू ऐकतोयस की नाही ते कळत नाही, मग मी ओरडतो आणि घरातले धावत येतात. मनमाडचा पत्ता तेजलला विचारून पुन्हा एकदा ताडून घेतलाय. तरी हे पोचेल का, ही धाकधूक आहेच. तुझा खोकला गेला का? वाफ घेत जा.

मोठी बातमी म्हणजे आपल्या गायन पार्टीचं गाण्यांचं पुस्तक पुन्हा निघतंय. जुनं आठवतं ना? प्रत्येक गाण्याखाली 'चाल : पान अमुक प्रमाणे' असे आकडे आपण हातानं घातले आणि ऐन छपाईच्या वेळी कोणा पुढाऱ्याचं दोन पानी मनोगत पुढे घुसलं. सगळे आकडे सरकले. देवळालीला कुसाबाईच्या नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला नव्या पोरांनी पुस्तकात बघून दुःखाचं गाणं उचललं ते थेट हळदीच्या चालीवर. कुसाबाई रडता रडता टाळ्यांचा ठेका धरायला लागली. तू पेटीवर मान घालून हसत होतास, तुझे खांदे हलत होते, आणि शकूवहिनीनं मागून तुला चिमटा काढला.

या वेळी तसं होणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझी सून चैताली घरीच लग्नपत्रिका, पुस्तकं जुळवते. तिनं मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. चौथी शिकलेला माणूस मी, माऊस दोन्ही हातांनी धरतो, आणि प्रत्येक ओळीनंतर सेव्ह झालं का म्हणून तिला हाक मारतो. पण शिकलो. आकडा आपण लिहायचाच नाही. ज्या गाण्याची चाल घ्यायची त्याच्या नावावर एक खूण करायची आणि खाली आकड्याच्या जागी त्या खुणेशी गाठ मारायची. मग पुढे दहा मनोगतं घुसू देत, गाणं ज्या पानावर सरकेल त्या पानाचा आकडा तिथं येतो. पहिल्यांदा मी घोळ घातलाच. तुझ्या 'उजाडलं गं शकू'खाली त्याच गाण्याची गाठ मारून ठेवली. गाणं पान एकतीसवर आणि खाली 'चाल : पान ३१ प्रमाणे'. चैताली म्हणाली, बाबा, हे गाणं माणसाला परत स्वतःकडेच पाठवतंय. मी म्हटलं, मग बरोबरच आहे की, ती चाल दुसऱ्या कुणाची नाहीच. तेव्हा तिनं तिथं लिहायला लावलं, 'चाल : स्वतंत्र'.

आणि मग तेजलचा फोन आला. बाबा म्हणतात माझं गाणं पुस्तकातून काढा, आई गेल्यापासून ते गात नाहीत. मला कळलं रे. वहिनीला पहाटे उठवायला केलेलं गाणं ते. लोकांनी जयंतीच्या प्रभातफेरीत नेलं तेव्हाही त्यातलं तिचं नाव कुणी बदललं नाही. तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून मी गाणं काढलं. काढलं आणि पडद्यावर सहा ठिकाणी लाल झेंडे उभे राहिले. वाटलं, झालं, सुनेचा कॉम्प्युटर बिघडवला. तिनं येऊन पाहिलं. बिघडलं काही नाही बाबा, म्हणाली, सहा गाण्यांची चाल हरवलीय. एकेक उघडून बघितलं. मुलींच्या शाळेचं, पाळणा, ओझरच्या कारखान्यातल्या आपल्या लोकांनी रचलेलं, माझ्या योगेशच्या लग्नातलं. सगळ्यांखाली तुझंच पान. इतकी वर्षं तुझ्या मागून गातोय, गाठीही एकेक करून मीच मारल्या, पण ही सगळी गाणी वहिनीला उठवायच्या चालीवर उभी आहेत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तुझं गाणं परत जागेवर ठेवलं. झेंडे गेले.

तुझ्या होकाराशिवाय ते छापणार नाही, पण मागायचंय ते वेगळंच. सहा गाणी माणसाला तुझ्या पानावर पाठवतात आणि तिथं लिहिलंय 'स्वतंत्र'. तिथून त्यानं कुठे जायचं? नव्या पोरांना ती चाल येत नाही. मी सांगायला गेलो तर दुसऱ्या ओळीला घसरतो, तुला ठाऊक आहे. वहिनी असती तर तिला विचारलं असतं. आता ती चाल तुझ्या गळ्याशिवाय कुठेच नाही. एकदा येऊन गाऊन जा. तू ठेवून गेलेली पेटी मी पुसून, भाता दुरुस्त करून ठेवलीय. मध्येच थांबलास तरी चालेल, रडलास तरी चालेल, पोरं मोबाइलमध्ये घेतील. नाही आलास तर माझा घोळच खरा होईल, गाणं स्वतःकडेच बोट दाखवत बसेल. छपाई मी अडवून धरलीय, चैताली वैतागलीय. कोणत्या गाडीनं येतोस तेवढं लवकर कळव, मी नाशिकरोडला घ्यायला येतो.

तुझाच,
सहादू