दोन सारखे पडदे

आटपाडी
गुरुवार, २२ मे १९९७

प्रिय जयराज,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, पण या खेपेला ते लिहिलं तर अर्धंच खरं होईल. तब्येती सगळ्यांच्या चांगल्या आहेत. घरात मात्र गेल्या रविवारपासून कुणी कुणाशी धड बोलत नाही. येत्या रविवारी मिरजेला टीव्ही-गेमच्या स्पर्धेची फायनल आहे, त्यात आपल्या सूनबाईचं, राजेश्वरीचं नाव आहे, आणि तिनं जावं की जाऊ नये यावरून घर ताणलं गेलंय. नाथाजीदादांनी, तुझ्या थोरल्या आबांनी, तुला काय कळवलं असेल ते मी समजू शकतो. ते खोटं बोलणार नाहीत. पण त्यांनी शेवट पाहिला, सुरुवात नाही. मशीन बंद का पडलं ते सुरुवातीपासून बघावं लागतं, म्हणून मी क्रमानं लिहितो. तूही तसंच वाच, मधली पानं गाळू नको.

विट्याचा भाऊसो तुला आठवत असेल, एसटी स्टँडमागं ज्याचं टीव्ही-गेमचं दुकान आहे तो. मार्चमध्ये तो माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला. सुट्टीत तालुक्या-तालुक्याला स्पर्धा घ्यायची, आज आटपाडी, उद्या विटा, मग शिराळा, आणि शेवट मिरजेत, असं त्याच्या मनात होतं. गेमचे डबे त्याच्याकडं होते. पडदे नव्हते. म्हणाला, आण्णा, स्वस्तात बसतील, उचलून नेता येतील आणि ऐनवेळी दगा देणार नाहीत असे दोन टीव्ही तुम्ही ठरवा, आम्हाला त्यातलं काय कळतंय. त्याच्या डोक्यात रंगीत वीस इंची होता, शटरच्या कपाटातला. मी विचारलं, हे धूड एसटीच्या टपावर कोण चढवणार, आणि भिवघाटाच्या रस्त्यानं खाली उतरेल तेव्हा त्यात काय शिल्लक राहील? मग चौदा इंची रंगीत आला. त्याला वर हँडल असतं, एक माणूस उचलू शकतो, चित्र देखणं. पण त्याला वीज लागते, आणि मे महिन्यात आटपाडीला वीज किती आणि कशी असते ते तुला मी सांगायला नको. व्होल्टेज उतरलं की चित्र दोन्ही बाजूंनी आत ओढलं जातं, मग सेट स्वतःच मान टाकतो. राहिला बारा इंची काळापांढरा. एका रंगीत सेटच्या पैशात जुने चार येतात. कडेवर घेऊन चालता येतो. आणि मुख्य म्हणजे त्याच्या पाठीमागं बॅटरीची जागा असते. ट्रॅक्टरची बॅटरी लावली की दिवसभर हलत नाही. मी बारा इंची ठरवला. रेडिओ उघडून उघडून शिकलेला माणूस आहे मी, माझ्याकडं कुठल्या परीक्षेचा कागद नाही. पण त्या जागी त्या कामाला दुसरा पडदा चालला नसता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

हे सगळं ठरलं तेव्हा राजेश्वरी खेळणार आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेव, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडलंय.

दोन सेट एकाच कंपनीचे, एकाच बनावटीचे घेतले. तरी दोन टीव्ही सारखे नसतात. एकाचं चित्र खाली थोडं जास्त कापलं जातं, दुसऱ्याचं वर. तो खेळ असा की वरून वेगवेगळ्या आकाराचे ठोकळे पडतात आणि ते खाली ओळीत रचायचे. आता ज्याच्या पडद्यावर सगळ्यात खालची ओळच अर्धी कापलेली, त्यानं काय रचावं? म्हणून मागचे खटके फिरवून दोन्ही चित्रं मोजपट्टीनं एकसारखी करायची होती. मी सेटच्या पाठीमागं, तर पुढं कुणीतरी खेळत राहून सांगायला हवं, आता दिसतंय, आता कापलं. तुझ्या आईला ते ठोकळे बघून चक्कर येते. राजेश्वरी दुपारचा चहा घेऊन दुकानात आली होती, तिला म्हटलं बस जरा. डोक्यावरचा पदर सावरून ती बसली आणि ते बटणांचं हत्यार हातात घेतलं. लग्नाआधी सांगलीला भावाबरोबर थोडंफार खेळली होती म्हणे, तेही काळ्यापांढऱ्यावरच. मी पाठीमागून विचारतोय, खालची ओळ दिसते का? ती म्हणते, दिसते. मला वाटलं पाच मिनिटांत ठोकळे वरपर्यंत भरतील आणि खेळ संपेल. खटका फिरवून, पट्टी लावून, दुसरा सेट जोडून झाला, तरी हिचा खेळ चालूच. मी पुढं येऊन बघितलं. ती पडद्याकडं बघत होती, पण हाताकडं एकदाही नाही. सोल्डरिंग करताना माझंही तसंच होतं. नंतर ती रोज दुपारी यायला लागली. एके दिवशी म्हणाली, मामंजी, स्पर्धेत माझं नाव लिहा. भाऊसोनं दवंडीत 'सर्वांसाठी' असं म्हटलं होतं. सर्वांत ती बसते. मी लिहिलं.

आटपाडीची फेरी मराठी शाळेच्या हॉलमध्ये झाली. पोरांची ही गर्दी, खिडक्यांत माणसं. बायका तीन-चार, त्याही तुझ्या आईनं ओढून आणलेल्या. राजेश्वरी बसली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, चुलीवर दूध ठेवून आली काय बघा. हसले सगळे. ती हसली नाही, वळलीही नाही. खेळ निम्म्यावर आला आणि वीज गेली. पंखे थांबले, हॉल अंधारला, आणि त्या अंधारात माझे दोन पडदे तेवढे चालू. गेमच्या डब्यांनाही मी त्याच बॅटरीवरून तार काढून ठेवली होती, म्हणून ठोकळे पडायचे थांबले नाहीत. कुणाला टीव्ही बघायचा नव्हता, सगळे तिचे हात बघत होते. ती जिंकली. भाऊसोनं नाव पुकारलं ते 'सौ. राजेश्वरी जयराज' असं, तुझ्या नावासकट.

त्या संध्याकाळी नाथाजीदादा घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, जोत्या, पोरगं तिकडं सरहद्दीवर बर्फात उभं हाय, आन् हिकडं त्याची बायकू पोरांच्या घोळक्यात बसून खेळती, लोकं काय म्हणतील याचा इचार केलास का? मी म्हटलं, दादा, लोक म्हणाले नाहीत, लोक बघत होते. ते म्हणाले, तेच तर. तुझ्या आईनं मधे पडून विषय मिटवला, पण मिटला नाही. दादांनी तीस वर्षं या घराची चूल एक ठेवली, आपल्या आधी स्वतःचं पान कधी वाढून घेतलं नाही. त्यांना मी वेडंवाकडं बोलू शकत नाही. पण त्यांचं मला पटलंही नाही.

मग विट्याची फेरी, आटपाडीत जिंकलेल्यांनीही तिथं खेळायचं होतं. तिथला सयाजी म्हणून एक जवान गडी आहे, भाऊसोच्या दुकानात रोज पडीक, रंगीत टीव्हीवर खेळून तयार झालेला. तो ठोकळा ओळखतो रंगावरून. लांबडा एका रंगाचा, चौकोनी दुसऱ्या. काळ्यापांढऱ्यावर त्याची नजर क्षणभर अडखळायची, आणि या खेळात क्षणभर म्हणजे फार. राजेश्वरी आकारावरून ओळखते, कारण तिनं माझ्या दुकानात दुसरा पडदा पाहिलाच नाही. ती पुढं गेली. पहिले दोघं मिरजेला जायचे, तेव्हा दोघंही जाणार हे ठरलं, पण सयाजी उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पडदा सासऱ्यानं निवडायचा आन् सुनंनं जिंकायचं. लय झ्याक हाय गड्या."

मला राग आला तो शब्दांचा नाही. त्याच्या म्हणण्यात जे होतं ते मला आधी सुचायला हवं होतं, आणि सुचलं नव्हतं. मी तिथल्या तिथं उभा राहिलो आणि सांगितलं, मिरजेला दोन्ही सेट रंगीत असतील, एकसारखे असतील, आणि कुठल्या सेटवर बसायचं ते सयाजीनं निवडायचं. टाळ्या पडल्या. भाऊसोनं माझा हात हातात घेतला. एसटीत राजेश्वरी खिडकीपाशी बसली होती. भिवघाट आला. मग बाहेर बघतच म्हणाली, "तुमचं नाव राखायला माझा खेळ दिलात, मामंजी."

मी तिला समजावलं की मिरजेला वीज बरी आहे, तिथं रंगीतच योग्य, न्याय तो न्याय. तिनं ऐकून घेतलं. माझं म्हणणं बरोबर होतं. तरी ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मागच्या आठवड्यात मंगळवारी मी साताऱ्याला गेलो. तिथल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून दोन चौदा इंची रंगीत सेट भाड्यानं घ्यायचं ठरवलं. तो म्हणाला कुठलेही दोन न्या, सगळे सारखेच. मी सहा उघडून लावले. एकाचा लाल रंग कडेला पसरत होता, एकाची चौकट उजवीकडं झुकलेली. दुकानदार वैतागला, जेवायला निघून गेला. संध्याकाळी दोन जुळले, तेव्हा उठलो. ते एसटीनं आणले, एक मांडीवर, एक पायांत. आणून दुकानात ठेवले आणि खोक्यांना चिकटपट्टी लावून टाकली. राजेश्वरीनं एकदाच विचारलं, थोडा वेळ खेळून बघू का, रंगांची सवय होईल. मी नाही म्हणालो. सयाजीला हे दोन सेट बघायला मिळाले नाहीत, तर तुलाही नाही. ती मान हलवून परत त्या बारा इंचीसमोर बसली. मनातून मला हलल्यासारखं झालं, पण पट्टी मी काढली नाही, आणि काढणार नाही. ती जिंकली तर सयाजीला परत तोंड उघडायला जागा राहू नये.

आता गेल्या रविवारचं. तू दर रविवारी इथल्या एसटीडी बूथवर फोन करतोस, ती सहा वाजताच जाऊन बसते. या खेपेला लवकर परतली. आईनं विचारलं, बोलणं झालं का? हो म्हणाली. मग दुकानात आली, गेमच्या हत्याराची वायर नीट गुंडाळली, फडक्यात बांधली आणि माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, भाऊसोंना द्या. त्यानंतर ती दुकानात आलेली नाही. भाकरी थापते, धुणं करते, हाक मारली की ओ देते. तू फोनवर काय बोललास हे मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. नाथाजीदादा मात्र सोमवारी येऊन चहा पिऊन गेले, साखर जास्त मागून. त्यावरून मला समजलं.

तू नाही म्हणालास.

हे पत्र मी परवानगी मागायला लिहीत नाही. तिकडं पोचेपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल, हे मला माहीत आहे, आणि तारेनंही मी कळवू शकलो असतो, हेही. मुद्दाम तार केली नाही. तुझी बायको आहे, तुझा शब्द तिच्यावर चालतो, हे दादांचं म्हणणं मी मानतो. पण तू तिला खेळताना पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. जे पाहिलं नाही त्याला नाही म्हणायचं, हे मी दुकानात गिऱ्हाइकाला चालू देत नाही, तुलाही देणार नाही. आज सकाळी मी परसात गेलो, ती भांडी घासत होती. मी म्हटलं, राजेश्वरी, रविवारी पहाटेच्या गाडीनं मी मिरजेला निघतोय, तू येणार का ते सांग. जयराजला मी लिहितो, त्याचा राग माझ्याकडं. ती बराच वेळ घासलेलीच परात घासत राहिली. तिच्या आत काय चाललं होतं ते मला मोजता आलं नाही. मग हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "तुमच्या एकट्याला दोन सेट झेपायचे न्हाईत. एक मी घेते." तेव्हा आम्ही जातोय. तुझ्या मनाविरुद्ध जातोय, हे तुला दुसऱ्या कुणाकडून नाही तर बापाकडून कळावं, म्हणून हे पत्र. रागावायचं असेल तर पत्र मिळाल्यावरच्या रविवारी फोनवर आधी मला बोलाव, मी सहाच्या आधी जाऊन बसेन. जे बोलायचं ते मला बोल, मी ऐकून घेईन. नंतर फोन तिच्या हातात देईन, तेव्हा तिला निकाल विचारू नको. रंगीत पडद्यावर पहिल्यांदा खेळताना कसं वाटलं, ते विचार.

तुझाच,
आण्णा