काचेतला अंगठा

मोताळा, १९२६

भगवंतराव भाऊजी,

नमस्कार लिहिणार नाही.

मी बाजाराले गेली तवा तुमी माझ्या पेटीतून तुमच्या भावाचा फौजेत भरतीचा कागद उचलून नेला. असे जुने कागद जमवायचा तुमाले शौक. पण तुमचे भाऊ, माझे मालक, बसऱ्याच्या लढाईतून परतलेच नाहीत. त्यांच्या अंगठ्याचा ठसा तेवढा त्या कागदावर उरला होता.

परवा नागपूरले तुमच्या बैठकीत तो काचेत टांगलेला दिसला.

"कोणाचा हा?" पाहुण्यानं तुमाले इचारलं.

"असाच कोणी शिपाई," तुमी बोलले.

सख्खा भाऊ होता तुमचा. रात्री सारे निजल्यावर मी काच फोडून कागद काढला. तुमच्या बायकोनंच मले बैठकीचं दार उघडून देलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही. माझ्या घरचा आता एकही कागद तुमच्या हाती लागू नये.

मंजुळा