सॅम्युअलच्या झग्याच्या बाह्या

कोल्हापूर, मंगळवार, ऑक्टोबर १९८२

येत्या रविवारी सॅम्युअलला पाळकपदाची दीक्षा मिळायची होती. त्याचा पांढरा झगा मीच शिवला. पोराचे हात लांब, म्हणून बाह्या चार बोटं वाढवल्या.

आज चर्चच्या पंचांनी त्याला नेहमीचं विचारलं, "लग्न कधी करणार?" "करीन" म्हणाला असता तर सुटला असता. तर म्हणाला, "माझं मन पुरुषावर जडतं. खोटं बोलून वेदीपुढं उभा राहणार न्हाई."

मग मंडळीत जुंपली. निम्मे म्हणतात दीक्षा द्याच, निम्मे वेगळी उपासना भरवायला निघालेत. आमचे हे एवढे जुने पाळक, पण कुणाचीच बाजू घेतली नाही.

घरी येऊन मला म्हणतात, "बाह्या आखूड कर. दुसऱ्या कुणाला तरी होईल की."

म्हणजे सॅम्युअल खोटं बोलला असता तर चाललं असतं? शास्त्रातलं मला कळत नाही. पण माप घेताना तो कसा हात पसरून उभा होता, तेच सारखं डोळ्यांपुढं येतंय. त्या बाह्या मी कापू?

कात्री यांच्यापुढं सरकवली. म्हटलं, "तुम्हीच कापा."

जेवणं झाली. कात्री अजून तिथंच आहे आणि हे तिच्याकडं बघत बसलेत.