एकट्याची नसलेली फौंड्री

मी, सयाजी केरबा पोवार, वय वर्षे चौसष्ट, धंदा ओतकाम, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. छातीत दोनदा कळ आली म्हणून डॉक्टरांनी स्वस्थ बसायला सांगितले आहे. ते मात्र जमत नाही. एवढे लिहिताना तीनदा उठून अंगणात जाऊन आलो. "सयाजीराव, बसा की जरा," म्हणून वकील दत्तोपंत कंटाळले. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. आहे तो माझ्याच मनाचा, आणि तो कलम तीनमध्ये लिहिला आहे. खरे तर त्या एका कलमासाठीच हे मृत्युपत्र.

कलम एक. राहते घर पत्नी बनाबाई हिचे. फौंड्रीच्या पहिल्या दोन वर्षांत भट्टी पेटो न पेटो, चार माणसांचे जेवण तिने वेळेवर पाठवले आणि दुपारी येऊन साच्याची वाळू चाळली. उन्हाळ्यात तिचे हात सोलून निघत. मी एकदाही विचारले नाही, याची आता लाज वाटते. घर तिने विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर कुलूप लावून कागलला माहेरी जाऊन राहावे. मुलाने तोंड उघडू नये.

कलम दोन. उद्यमनगरातील फौंड्री मुलगा नृसिंह याची. मागच्या वर्षी तो तरुण उद्योजकांच्या शिबिराला गेला आणि एक छापील कागद घेऊन आला. यशस्वी उद्योजकाचे गुण: धाडस, चिकाटी, निर्णयशक्ती, असे बारा. मला म्हणाला, "आबा, बाराच्या बारा तुमच्यात हाईत की." बाळा, तो कागद मी चष्मा लावून वाचला. त्यात तुझी आई नाही. माझी बहीण चिमणाबाई नाही. तिने शेत सांभाळले म्हणून मी लोखंडाच्या नादी लागू शकलो, नाहीतर आजही नांगरामागे असतो. आणि त्यात गुंडू नाही. तो कागद कारखान्यात लावायचा तर खाली ही तीन नावे शाईने लिहून लाव.

कलम तीन. गुंडू रावजी सुतार याच्याविषयी. सन १९६२ मध्ये मला इंजिनाच्या चाकांचे पहिले काम मिळाले. वाळूत साचा उठवायचा लाकडी पॅटर्न मी अगदी नकाशाच्या मापाचा केला, हट्टाने, स्वतःच्या हाताने. लोखंड निवताना आटते, हे मला माहीत नव्हते. चाळीस चाके ओतली. चाळीसही मापात कमी भरली आणि परत आली. मी भट्टी मोडायला निघालो होतो. पेठेत सुतारकाम करणारा गुंडू आला, चाके बघितली आणि एवढेच म्हणाला, "सया, फुटाला अष्टमांश इंच वाढ धर." त्याने त्यासाठी स्वतःची लाकडी पट्टी करून ठेवली होती; तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून तेवढाच मोठा. त्या पट्टीवर त्याने अकरा वर्षे माझे सगळे पॅटर्न केले.

सन १९७३ मध्ये माझा सत्कार झाला. हार घातले, ‘स्वयंभू उद्योजक’ म्हणाले. यशाचे रहस्य विचारले तेव्हा मी पट्टीची गोष्ट सांगितली आणि ती माझीच म्हणून सांगितली. टाळ्या पडल्या. गुंडू तिसऱ्या रांगेत होता. तो उठून गेला, तो फौंड्रीत पुन्हा आला नाही. पेठेत दारे-खिडक्या करतो. ती पट्टी गुंडूची, मी खोटे बोललो. त्याला काही देऊ केले तर तो माझ्या अंगावर फेकेल, म्हणून ही लेखी कबुली तेवढी देतो.

कलम चार. शाहूपुरीतल्या ज्या दुकानदाराने "कुणब्याला लोखंड काय कळतंय" म्हणून मला पायरीवरून परतवून लावले, त्याला काही नाही. माझी अंत्ययात्रा मात्र त्याच्या दारावरून न्यावी, आणि तिथे खांदेकऱ्यांनी सावकाश खांदा बदलावा.

कलम पाच, आज घातलेले. काल गुंडूकडे साक्षीला ये म्हणून सांगायला गेलो. त्याने रंधा थांबवला नाही. कागद मी वाचून दाखवला. तेव्हा म्हणाला, "माझं नाव मेल्यावर घेणार व्हय? सत्कार जिता असताना करून घेतलास की. उद्या भट्टीवर समद्यांम्होरं वाच, मग सही करतो."

रात्रभर इकडून तिकडे फेऱ्या घातल्या. आज सकाळी ओतकामाआधी सगळ्या कामगारांना उभे केले आणि वाचले. कलम तीनशी माझा आवाज बसला. घोटभर पाणी पिऊनही फुटेना. नृसिंहाने माझ्या हातून कागद घेतला. ‘मी खोटे बोललो’ हे माझे वाक्य माझ्या मुलाच्या तोंडून सगळ्यांनी ऐकले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दारातून गुंडू आत आला आणि पेन मागितले.

वरील मजकूर मला मान्य आहे, आणि आता तो मेल्यावर कुणी वाचला नाही तरी चालेल.

कोल्हापूर, ता. १४ मार्च १९८४
सही: सयाजी केरबा पोवार

साक्षीदार:
१. दत्तोपंत नारायण जोशी, वकील. माझ्यासमोर सही केली.
२. गुंडू रावजी सुतार, मंगळवार पेठ. माझ्यासमोर वाचलं.