हिंदीतला राजीनामा

१४ मार्च १९५७, गुरुवार. माधवगंज, संध्याकाळ

डॉक्टर आम्हा सहा उदास रोग्यांना गोल बसवून बोलतं करतात. आज जायचंच नव्हतं. आपलं दुखणं परक्यांसमोर मांडायचं, हा कसला इलाज? पण कमलने बळेच धाडलं.

माझी पाळी आली तेव्हा एका दमात बोललो, “दफ्तर भोपाल गया, मैं नहीं गया। मैंने राजीनामा दे दिया।” आणि मान खाली घातली. तेव्हापासून सकाळी अंथरुणातून उठवत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

शेजारच्या टांगेवाल्याने माझ्या मांडीवर थाप मारली. “वाह बाबूजी! राजीनामा हो गया, तो अब झगड़ा काहे का?”

सगळे खुशीत माना डोलवू लागले. मग उमगलं. नोकरी सोडली तर हिंदीत इस्तीफा. राजीनामा म्हणजे समेट! कचेरीत जन्म गेला आणि ऐन वेळी ही चूक? मी हसलो. खरंच हसलो. मग अंथरुणाचंही सांगितलं. टांगेवाला म्हणाला, “मेरा भी यही हाल है।”

मांडीवरची ती थाप अजून जाणवतेय.

घरी कमलने विचारलं, “काय झालं तिथे?”

“राजीनामा.”

ती दचकली. “आता कशाचा?”

“घाबरू नकोस. या वेळी हिंदीतला.”