टेकाडाखालचा चिखल

मेदेयिन, ऑक्टोबर

प्रिय ओनोरिनाताई,

फोनवर तुझा आवाज ऐकला की मी तब्येत, भरती-ओहोटी, मासळी एवढंच विचारून मोकळी होते, म्हणून लिहायला बसले आहे. तुझ्या शेजारच्या दिओसेलिनाचा नवरा डोळे दाखवायला इथे आला आहे. तो परवा गावी निघेल, त्याच्या पिशवीत हे पाकीट असेल. सोबत तुझ्या गुडघ्यांसाठी मलम आहे. आधी ते लाव आणि मग वाच, कारण वाचून झाल्यावर माझ्या हातचं काही तुला नकोसं वाटेल.

माझ्या कामाला तू 'चिखल चाळायची नोकरी' म्हणतेस. दर नाताळात सगळ्यांसमोर म्हणतेस आणि सगळ्या बायका हसतात. खरं म्हणजे नाव चुकीचं नाही. आम्ही दलदलीत लोखंडी नळी दाबतो आणि आतला चिखल ऊस काढावा तसा लांबच्या लांब बाहेर काढतो. वरचा चिखल कालचा, खालचा हजारो वर्षांपूर्वीचा. त्यात त्या त्या वेळच्या झाडांचे परागकण अडकून राहिलेले असतात. खारफुटीचा कण बारीक, गोलसर, तीन चिरांचा. ताडमाडांचा लांबट, एका चिरेचा. मी दिवसभर भिंगाखाली ते मोजत बसते. कुठल्या खोलीवर कोण किती, यावरून तिथे कधी समुद्र होता आणि कधी गोड्या पाण्याचं रान, हे कळतं.

आईला मी एकदा हे सगळं समजावून सांगितलं होतं. तू तेव्हा शिंपल्या विकायला तुमाकोच्या बाजाराला गेली होतीस. तिला म्हटलं, फार पूर्वी पृथ्वीवर भयंकर थंडी होती, पाणी बर्फ होऊन अडकलं होतं, आणि आपला किनारा इतका दूर होता की एलादिओमामा जिथे मोठ्या मासळीला जातो तिथे माणूस चालत गेला असता. मग बर्फ वितळलं. समुद्र वर चढत आला आणि खारफुटी त्याच्या पुढे पुढे आत सरकत आली. जुनी झाडं जागेवर मरायची, त्यांची रोपं जरा वर रुजायची. जिथे पाणी सावकाश चढलं तिथे मुळांनी चिखल धरून ठेवला आणि रान टिकलं. जिथे घाईनं चढलं तिथे उभंच्या उभं बुडालं. आई केळी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे ही झाडंही आपल्यासारखीच म्हणायची, बोचकं उचलून निघालेली." माझ्या प्राध्यापकांनी तीन वर्षांत मला जे शिकवलं ते तिनं केळं सोलता सोलता सांगून टाकलं.

आता ज्यासाठी बसले आहे ते सांगते. सहा वर्षांपूर्वीची सभा तुला आठवते. त्या महिन्यात वाळूच्या दांड्यावरची अकरा घरं गेली, त्यात आईचं घर होतं. आई वारून चार महिनेच झाले होते. दफनभूमीच्या कुंपणापर्यंत लाटा येत होत्या. खाडीमागच्या टेकाडावर गाव हलवायचं की नाही, यावर दोन दिवस भांडण चाललं होतं. तू शाळेच्या पडवीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आपल्यातलीच एक मुलगी हे शिकून आली आहे. तिनं नळ्या घातल्या आहेत. तिलाच विचारू या की." सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, त्या टेकाडावर समुद्र कधीच आलेला नाही. 'कधीच', हाच शब्द मी वापरला होता.

ताई, तोवर मी त्या टेकाडाच्या नळीतला फक्त वरची दोन हात माती मोजली होती. त्यात गोड्या पाण्याची झाडं होती, ताड आणि नेचे होते, खारफुटीचा एकही कण नव्हता. खालची दोन हात मोजायची राहिली होती. स्वतःला मी इतकी वर्षं हेच सांगत आले: अर्धंच मोजलं होतं, माहीत नव्हतं, घाईत बोलून गेले. पण हेही पूर्ण खरं नाही.

त्या सभेत एलादिओमामा शेवटी काय बोलला होता ते आठव. त्यानं म्हटलं, टेकाडावर विहीर खणताना छातीएवढ्या खोलीवर मला पियांगुआच्या, आपण खारफुटीत वेचतो त्या शिंपल्या लागल्या. कुणीतरी ओरडलं, "तुझ्या आजीनं खाऊन टाकल्या असतील!" आणि पडवी हसण्यानं दणाणली. मामा हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "खाल्लेली शिंपली मिटलेली नसते, पोरी. ह्या मिटलेल्या होत्या. दोन्ही झाकणं एकमेकांवर घट्ट."

त्याचा अर्थ त्या पडवीत फक्त दोघांना कळला, त्याला आणि मला. मिटलेली शिंपली म्हणजे जिथे जगली तिथेच मेलेली. म्हणजे त्या जागी कधीकाळी खारफुटीचा चिखल होता, दिवसातून दोनदा भरतीचं पाणी येत होतं, आणि आपलं ते टेकाड म्हणजे त्या चिखलावर समुद्रानंच रचलेली जुनी वाळू होती. मी तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण तू माझ्याकडे अशा नजरेनं बघत होतीस की जन्मात कुणी तसं बघितलं नव्हतं. लोक थकले होते. मी 'थांबा' म्हटलं असतं तर ती सगळी पुन्हा त्या दांड्यावर झोपायला गेली असती. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी सगळ्यांपेक्षा शहाणं दिसायचं होतं. मी मामाला हसून म्हणाले, "मामा, नळी तुझ्या कुदळीपेक्षा खोल जाते." पुन्हा सगळे हसले. मामा टोपी घालून निघून गेला. पुढच्या वर्षी तो वारला, तोवर त्यानं तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही.

परत आल्यावर मी उरलेला चिखल मोजला. छातीएवढ्या खोलीपासून खाली खारफुटीच खारफुटी. शंभरातले ऐंशी कण तिचे. वय निघालं दोन हजार वर्षांच्या आसपास. माझे प्राध्यापक बेतांकूर खूश झाले. म्हणाले, "सुंदर निकाल आहे, छापू या." तो छापला गेला, माझ्या नावासह, इंग्रजीत, आकृत्यांसकट. जपानातल्या एका बाईनं त्याबद्दल पत्र लिहून शंका विचारली, तिला मी चार पानी उत्तर पाठवलं. जगात कुणालाही वाचता येईल असं ते सगळं मी लिहून ठेवलं, फक्त त्या टेकाडावर राहणाऱ्यांना सांगितलं नाही. तेव्हा तुम्ही निम्मी घरं बांधली होती. मी म्हटलं, दोन हजार वर्षांत आलं नाही, आता कशाला येईल? पण खालच्या चिखलावरून मला हेही कळलं होतं की पाणी सावकाश चढलं तर वाळू टिकते, आणि आता ते सावकाश चढत नाही.

त्यानंतरच्या दर नाताळात मी तुझ्या नव्या पडवीत बसून नारळाच्या रसातले खेकडे खाल्ले. पोरांनी फुटबॉलचं मैदान केलेलं बघितलं. तुम्ही आईला दांड्यावरच्या दफनभूमीतून काढून वर आणलं, तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. बायका मर्तिकाचे अलाबाव गात होत्या, तू ती लहानशी पेटी स्वतः डोक्यावर घेतली होतीस, आणि खाली ठेवताना म्हणालीस, "आता निवांत झोप, इथे पाय ओले होणार नाहीत." मी शेजारी उभी होते. तेव्हाही गप्प राहिले.

सप्टेंबरच्या उधाणाचं तू फोनवर फार थोडं सांगितलंस. विहिरी खारट झाल्या, केळी पिवळी पडली, एवढंच. बाकीचं दिओसेलिनाकडून कळलं. त्रेचाळीस घरांत घोटाभर पाणी होतं. मोठी भरती आली की खालून वाळूतून पाणी झिरपतं, त्याला बांधही घालता येत नाही. लहान मुलांना जुलाब झाले, प्यायचं पाणी होडीनं आणावं लागतं. आणि दफनभूमीत तळं साचलं आहे. हे तू मला सांगितलं नाहीस.

नदीपलीकडच्या उंच कड्यावरचीही एक नळी माझ्याकडे आहे. तिच्यात तळापर्यंत लाल माती आणि रानातली झाडं आहेत, खारफुटीचा कण नाही. ही मी शेवटपर्यंत मोजली आहे, दोनदा. पण या वेळी माझ्या शब्दावर कुणी पाय उचलू नका. मी भिंग घेऊन येते. शिंपल्या वेचणाऱ्या तुम्हा बायकांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. एका सकाळीत तुम्हाला कण ओळखता येतील. तुम्ही मोजा, तुम्ही ठरवा. कड्यावर गेलात तर खाडी लांब पडेल, रोज दीड तास वल्हवावं लागेल, हेही आधीच सांगून ठेवते.

पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. गुरुवारी दिओसेलिनानं फोनवर रडत सांगितलं की गेल्या सभेत लोक माझं नाव घेऊन ओरडायला लागले तेव्हा तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "एडेलमिरानं मला बरोबर सांगितलं होतं. तिथे धोका आहे असंच ती म्हणाली होती. मला गाव हलवायची घाई होती, म्हणून मीच तिला सभेत तसं बोलायला लावलं." आणि एकोणीस वर्षं चालवलेल्या शिंपलीवाल्या बायकांच्या संघातून त्यांनी तुला काढलं, आता तुझ्याबरोबर कुणी एका होडीत बसत नाही. ताई, तू मला तसं कधीच बोलायला लावलं नव्हतंस. तुला माहीतच नव्हतं. मी शनिवारच्या लाँचनं येते आहे आणि रविवारी सभेत उभी राहून हे सगळं वाचणार आहे, मामाच्या शिंपल्यांसकट. पाकीट आधी पाठवते आहे ते एवढ्यासाठी, की तू मध्येच उठून "ती माझ्यासाठी खोटं बोलते आहे" असं म्हणू नयेस. तू तसं म्हणशील, तुला मी ओळखते. या वेळी बसून राहा, आणि मला बोलू दे.

माझ्यावर रागावलीस तरी तुझीच,
एडेलमिरा